अमेरिकेचं सरकार आणि तिजोरीची किल्ली : विद्यार्थ्यांचे वारंवार येणारे प्रश्न

कॅलिफोर्नियात बारावीला अर्धं वर्ष अमेरिकेची शासनव्यवस्था शिकवतात आणि अर्धं वर्ष अर्थशास्त्र. पुस्तकं दोन, परीक्षा दोन, त्यामुळे मुलांना हे दोन वेगळे विषय वाटतात. मला ते कधीच वेगळे वाटले नाहीत. अमेरिकेच्या राज्यघटनेतलं बहुतेक प्रत्येक भांडण शेवटी एका प्रश्नाशी येतं : पैसा गोळा कोण करणार आणि खर्च कोण करणार? तो प्रश्न हातात धरून वाचलं की पाठांतर निम्म्यावर येतं. खालचे प्रश्न अमेरिकेतल्या मराठी घरांत मुलं विचारतात, आणि मुलांपेक्षा जास्त त्यांचे आईबाबा.

स्वातंत्र्य मिळालं होतं, मग ११ वर्षांनी नवी राज्यघटना कशाला लिहिली?

कारण पहिलं सरकार कफल्लक होतं. १७८१मध्ये लागू झालेल्या पहिल्या आराखड्यात, म्हणजे ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’मध्ये, काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, कर बसवायचा अधिकारच नव्हता. राज्यांकडे मागायचं आणि ती देतील तेवढ्यावर भागवायचं. स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या सैनिकांचे पगार थकले. आयात मालावर ५ टक्के कर घेऊ द्या, अशी विनंती काँग्रेसने केली, पण आराखडा बदलायला तेराही राज्यांची संमती लागत होती. एकट्या ऱ्होड आयलंडने नाही म्हटलं आणि विषय तिथेच संपला.

त्यानंतर मॅसॅच्युसेट्समध्ये भडका उडाला. राज्याने युद्धाचं कर्ज फेडण्यासाठी जबर कर लावले. पश्चिम भागातल्या शेतकऱ्यांकडे रोख पैसा नव्हता आणि सावकारांच्या तगाद्याने जमिनी जप्त होऊ लागल्या. १७८६मध्ये डॅनियल शेज या माजी सैनिकाच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी न्यायालयांची दारं अडवली. जप्तीचा हुकूम निघूच नये, इतकंच त्यांचं म्हणणं होतं. हे बंड मोडायला काँग्रेसकडे फौज नव्हती, कारण फौजेला पैसा नव्हता. शेवटी बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून फौज उभी केली. १८७५च्या पुणे-नगरकडच्या सावकारविरोधी उठावाबद्दल ज्यांनी वाचलंय, त्यांना शेजचे शेतकरी लगेच ओळखीचे वाटतील.

पुढच्याच उन्हाळ्यात, १७८७मध्ये, फिलाडेल्फियात नवी राज्यघटना लिहिली गेली. काँग्रेसच्या अधिकारांची यादी पहिल्या प्रकरणाच्या आठव्या कलमात आहे. ती जरूर उघडून बघा. यादीत पहिला अधिकार कर बसवण्याचा आहे, सैन्याचा नंबर बराच नंतर लागतो.

फेडरल सरकार म्हणजे आपल्याकडचं केंद्र सरकारच ना?

नाही, आणि भारतातून आलेल्यांची सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. भारतात संसद राज्यांच्या सीमा बदलू शकते. मुंबई राज्याचे महाराष्ट्र आणि गुजरात झाले ते संसदेच्या कायद्याने, १ मे १९६० रोजी. अमेरिकेत एखाद्या राज्याचा तुकडा पाडायचा तर त्याच राज्याच्या विधिमंडळाची संमती लागते. इथे राज्यं आधी आली आणि संघ, म्हणजे फेडरल सरकार, त्यांनी नंतर बनवला. प्रत्येक राज्याची स्वतःची घटना आहे, स्वतःची न्यायालयं आहेत आणि स्वतःचा फौजदारी कायदा आहे.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी हीच तुलना केली होती. अमेरिकेत नागरिकत्व दुहेरी, राज्याचं आणि संघाचं, भारतात एकच. ते भाषण या विषयाच्या विद्यार्थ्याने एकदा तरी वाचावंच.

रोजच्या भाषेत सांगायचं तर पासपोर्ट, व्हिसा, चलन आणि लष्कर संघाकडे. गाडीचं लायसन्स, लग्नाची नोंद, शाळा आणि निवडणुका घेण्याचं काम राज्यांकडे.

राज्यांना एवढे अधिकार आहेत, तर दारू पिण्याचं वय सगळीकडे २१ कसं काय?

नाक दाबलं की तोंड उघडतं. दारूविषयीचे नियम राज्यांच्या हातात आहेत, त्यामुळे ‘वय २१ करा’ असा सरळ हुकूम काढायचं काँग्रेसने टाळलं. १९८४च्या कायद्यात वेगळी वाट धरली : जे राज्य वय २१ करणार नाही, त्याच्या महामार्गांच्या अनुदानातला काही हिस्सा कापला जाईल. साउथ डकोटा न्यायालयात गेलं आणि १९८७मध्ये हरलं. न्यायालय म्हणालं, अट रस्त्यांवरच्या सुरक्षेशी जोडलेली आहे आणि कापली जाणारी रक्कम थोडी आहे, म्हणजे राज्याला नाही म्हणायची मोकळीक आहे.

२०१२मध्ये मात्र गरिबांच्या आरोग्यविम्याच्या, म्हणजे मेडिकेडच्या बाबतीत न्यायालयाने उलट निकाल दिला. नवी अट मान्य नसेल तर जुनंही सगळं अनुदान बंद, अशी ती तरतूद होती. ही सक्ती झाली, असं न्यायालयाने ठरवलं. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा. आमिष कुठे संपतं आणि धाक कुठे सुरू होतो, हे न्यायालय रकमेवरून मोजतंय.

‘कॉमर्स क्लॉज’ समजत नाही. सोपं उदाहरण आहे का?

आहे, आणि ते गव्हाचं आहे. राज्याराज्यांतल्या व्यापाराचं नियमन काँग्रेस करेल, असं घटनेतलं हे छोटंसं वाक्य.

रॉस्को फिलबर्न हा ओहायोतला शेतकरी. गव्हाचे भाव पडू नयेत म्हणून सरकारने प्रत्येकाला पेरणीची मर्यादा घालून दिली होती. त्याच्या वाट्याला ११.१ एकर आले, त्याने २३ एकर पेरले. जादा निघालेल्या २३९ बुशेलवर (बुशेल म्हणजे धान्याचं माप), बुशेलमागे ४९ सेंट या दराने, ११७ डॉलर ११ सेंट दंड झाला. त्याचं म्हणणं असं की हा गहू मी गुरांना घालतो, घरी दळतो, तो राज्याबाहेर जातच नाही. मग यात व्यापार कुठे आला?

१९४२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्या विरोधात निकाल दिला. युक्तिवाद निव्वळ मागणी-पुरवठ्याचा आहे. घरचा गहू वापरला म्हणजे बाजारातून घेतला नाही, म्हणजे तेवढी मागणी घटली. एका फिलबर्नने फरक पडत नाही, पण असे हजारो शेतकरी धरले तर भाव हलतो. या एका निकालाने संघ सरकारचा हात किती लांब गेला, याची कल्पना करा. १९९५मध्ये न्यायालयाने पहिल्यांदा लगाम खेचला : शाळेजवळ बंदूक बाळगणं हा व्यापार नव्हे, म्हणून त्यावरचा फेडरल कायदा रद्द. निकाल ५ विरुद्ध ४. माझ्या मते फिलबर्नची बाजू माणूस म्हणून पटते आणि न्यायालयाचं गणितही बरोबर आहे. वर्गात ही केस घ्यावी ती याच ओढाताणीसाठी.

शटडाऊन झालं की पुण्याहून फोन येतो, ‘सरकार पडलं का?’ काय सांगायचं?

‘पडलं नाही, पगार थांबलेत’, असं सांगायचं. भारतात लोकसभेने अर्थसंकल्प नाकारला तर मंत्रिमंडळाला जावं लागतं, म्हणून तिथे अशी कोंडी होतच नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची मुदत ४ वर्षांची, ती काँग्रेसच्या विश्वासावर अवलंबून नाही. दोघेही आपापल्या जागी पक्के आणि दोघांचं पटलं नाही तर गाडं अडतं.

घटना सांगते की कायद्याने मंजूर झाल्याशिवाय तिजोरीतून एक डॉलरही काढता येत नाही. आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि त्याआधी खर्चाची १२ विधेयकं मंजूर व्हावी लागतात. १९७७पासून हे वेळेत फक्त चार वेळा जमलंय. एरवी तात्पुरत्या मुदतवाढीवर दिवस ढकलले जातात. तीही मिळाली नाही की शटडाऊन.

२०१८-१९मध्ये ते ३५ दिवस चाललं, १ ऑक्टोबर २०२५ला सुरू झालेलं ४३ दिवस. सगळंच बंद होत नाही. विमानतळावरचे तपासनीस आणि हवाई वाहतूक नियंत्रक कामावर येतात, पगार नंतर मिळतो. सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनाचे, पैसे येत राहतात, कारण त्यांना दरवर्षीची मंजुरी लागत नाही. टपाल चालू राहतं, ते स्वतःच्या कमाईवर चालतं. नागरिकत्वाचे अर्ज बहुतांशी फीवर चालतात, म्हणून तेही पुढे सरकतात. पण एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या अर्जाआधी कामगार खात्याची जी मान्यता लागते, ते काम २०१३मध्ये आणि २०२५मध्ये थांबलं होतं. मराठी घरांत शटडाऊनची झळ पहिल्यांदा पोचते ती अशी.

तूट आणि कर्ज यांत फरक काय?

एका वर्षात जमेपेक्षा जितका खर्च जास्त झाला, ती त्या वर्षाची तूट. आजवरच्या तुटी साठत गेल्या, ते कर्ज. २०२४च्या आर्थिक वर्षात तूट सुमारे १.८ ट्रिलियन डॉलर होती आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात कर्ज ३६ ट्रिलियनच्या पुढे गेलं. १ ट्रिलियन म्हणजे आपले १ लाख कोटी. असं म्हटलं की घरातल्या मोठ्यांना आकडा पटकन कळतो.

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हे इथे लगेच आठवतं, पण देशाला ते जसंच्या तसं लागू होत नाही. मंदीत लोक खर्च आवरतात, तेव्हा सरकारनेही आवरला तर बेकारी आणखी वाढते. काळजी करायची ती व्याजाची. २०२४मध्ये कर्जावरचं व्याज संरक्षण खर्चाच्याही पुढे गेलं.

कर्जमर्यादेचा, म्हणजे सरकारने जास्तीत जास्त किती कर्ज काढावं या कायद्यातल्या मर्यादेचा, गोंधळ वेगळा. ती वाढवल्याने नव्या खर्चाला परवानगी मिळत नाही, आधीच मंजूर केलेल्या खर्चाची बिलं भागवता येतात. २०११मध्ये यावरून इतकं ताणलं गेलं की एका पतमापन संस्थेने अमेरिकेची पत इतिहासात पहिल्यांदाच खाली आणली.

मग अनावश्यक खर्च कापला की झालं?

काँग्रेस दरवर्षी ज्यावर मतदान करते, तो खर्च एकूण खर्चाच्या चौथ्या हिश्श्याहून थोडाच जास्त आहे, आणि त्यातला जवळपास निम्मा संरक्षणाचा. बाकीचा मोठा भाग सोशल सिक्युरिटी, मेडिकेअर (मुख्यतः वृद्धांचा सरकारी आरोग्यविमा), मेडिकेड आणि व्याज. हे आकडे न बघता केलेला वाद वेळेचा अपव्यय आहे.

व्याजदर राष्ट्राध्यक्ष का कमी करत नाहीत?

त्यांच्या हातात ते नाहीच. तो अधिकार फेडरल रिझर्व्हचा. १९१३च्या कायद्याने ही बँक आली : १२ प्रादेशिक बँका आणि वॉशिंग्टनमध्ये ७ गव्हर्नर, प्रत्येकाची मुदत १४ वर्षं. मुदत मुद्दाम लांब ठेवलीय, निवडणुकीच्या तोंडावर कोणी पैसा स्वस्त करून घेऊ नये म्हणून. फेडवर दोन जबाबदाऱ्या आहेत : भाव स्थिर ठेवणं आणि जास्तीत जास्त लोकांना काम मिळेल असं बघणं. महागाई २ टक्क्यांच्या आसपास ठेवायचं लक्ष्य २०१२मध्ये जाहीर झालं.

या दोन जबाबदाऱ्या एकमेकींच्या विरोधात जातात तेव्हा काय होतं, हे फेडचे अध्यक्ष पॉल व्होल्कर यांच्या काळात दिसलं. १९८०मध्ये महागाई १३ टक्क्यांच्या वर होती. त्यांनी व्याजदर २० टक्क्यांच्या जवळ नेऊन ठेवला. घरकर्ज १८ टक्क्यांवर गेलं, घरं विकली जाईनात आणि बांधकाम व्यावसायिकांनी निषेध म्हणून फेडला लाकडी फळ्यांचे तुकडे टपालाने पाठवले. १९८२च्या अखेरीस बेकारी १०.८ टक्के झाली. महागाई उतरली खरी, पण तिची किंमत कारखान्यांतल्या कामगारांनी आणि छोट्या शेतकऱ्यांनी मोजली. पुस्तकात हे एका आलेखात संपतं, म्हणून मी मुलांना त्या फळ्यांबद्दल नक्की सांगते.

पगारवाढ झाली आणि वरच्या टॅक्स ब्रॅकेटमध्ये गेलं, तर हातात कमी पैसे येतात का?

नाही. वरचा दर फक्त वरच्या रकमेवर लागतो. २०२४मध्ये एकट्या व्यक्तीचं करपात्र उत्पन्न ५०,००० डॉलर धरा. पहिल्या ११,६०० वर १० टक्के, म्हणजे १,१६०. तिथून ४७,१५० पर्यंत १२ टक्के, म्हणजे ४,२६६. उरलेल्या २,८५० वर २२ टक्के, म्हणजे ६२७. एकूण ६,०५३ डॉलर, म्हणजे उत्पन्नाच्या सुमारे १२ टक्के. ‘मी २२ टक्क्यांत आहे’ म्हणणारा माणूस प्रत्यक्षात इतकाच कर भरतो.

सुट्टीतल्या नोकरीचा पहिला चेक मिळाला. हे ‘फायका’ काय कापलंय?

सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के. मालकही तेवढेच भरतो. हे पैसे तुमच्या नावाच्या खात्यात साठत नाहीत, ते आजच्या निवृत्तांना जातात. तुम्ही निवृत्त व्हाल तेव्हा त्या वेळचे कमावते भरतील.

साधारण १० वर्षं काम केल्यावर निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो. एच-वन-बीवर ६-७ वर्षं काम करून नाशिकला परत गेलेल्या माणसाने भरलेलं त्याला सहसा परत मिळत नाही, कारण भारत आणि अमेरिका यांच्यात याबाबतचा करार नाही. जर्मनी, जपान यांच्याशी आहे. हा सरळ सरळ अन्याय आहे असं मला वाटतं.

दुकानात किंमत एक आणि काउंटरवर दुसरीच, असं का?

विक्रीकर राज्य, कधी कधी काउंटी (जिल्हा) आणि शहरही लावतं, त्यामुळे तो गावागणिक बदलतो. भारतातल्या एमआरपीत कर धरलेला असतो, इथे नसतो. ओरेगन, डेलावेअर, माँटाना, न्यू हॅम्पशायर आणि अलास्का इथे राज्याचा विक्रीकर नाही.

टॅरिफ, म्हणजे आयात मालावरचा कर, कोण भरतं, माल पाठवणारा देश?

माल मागवणारी अमेरिकन कंपनी, बंदरावर. नंतर तो बोजा गिऱ्हाईक, कंपनी आणि परदेशी उत्पादक यांच्यात कसा वाटला जातो, हे त्या वस्तूला पर्याय आहे की नाही यावर ठरतं.

‘चांगल्या शाळेसाठी’ सगळे महाग गावात घर का घेतात?

या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ घेते, कारण मराठी घरांतला सगळ्यात मोठा आर्थिक निर्णय यावर होतो आणि त्यामागचा कायदा कोणी सांगत नाही.

शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून येतो. घरं महाग, तर थोड्या दरातही भरपूर कर. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत १९६०च्या दशकाच्या शेवटी एजवूड हा गरीब, मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या लोकांचा शाळा-जिल्हा होता आणि अलामो हाइट्स हा श्रीमंत. एजवूडच्या लोकांनी कराचा दर जास्त ठेवला होता : १०० डॉलरच्या मालमत्तेवर १ डॉलर ५ सेंट, अलामो हाइट्समध्ये ८५ सेंट. तरीही स्थानिक करातून मुलामागे एजवूडला २६ डॉलर मिळत आणि अलामो हाइट्सला ३३३.

एजवूडचे पालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७३मध्ये ५ विरुद्ध ४ असे हरले. शिक्षण हा संघाच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, असं न्यायालय म्हणालं. भारतात २००२च्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्क झाला, हे आपल्या मुलांना ऐकून आश्चर्य वाटतं.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. संघाच्या घटनेत नसलं तरी राज्यांच्या घटनांत शिक्षणाबद्दल लिहिलेलं होतं. टेक्सासच्याच न्यायालयाने १९८९मध्ये एजवूडच्या बाजूने निकाल दिला, आणि न्यू जर्सीच्या न्यायालयाने १९९०मध्ये गरीब शहरांच्या शाळांना श्रीमंत गावांइतका पैसा द्यायला लावला. एका दारात न्याय मिळाला नाही तर दुसरं दार असतं, हा संघराज्याचा उपयोग मला इथेच पहिल्यांदा कळला.

जास्त मतं मिळूनही उमेदवार हरतो कसा?

राष्ट्राध्यक्ष देशभरच्या मतांच्या बेरजेने ठरत नाही, राज्यांना वाटून दिलेल्या ५३८ मतांनी ठरतो : ४३५ प्रतिनिधींच्या जागांइतकी, १०० सिनेटरच्या जागांइतकी, ३ राजधानीची. २७० मिळाली की जिंकलं. मेन आणि नेब्रास्का सोडून बाकी राज्यांत जो पुढे, त्याला त्या राज्याची सगळी मतं. २००० आणि २०१६मध्ये कमी मतं मिळालेला उमेदवार जिंकला तो यामुळे.

आम्ही अजून नागरिक नाही. आम्हाला या घटनेचे हक्क आहेत का?

मतदान नाही, बाकी बरेचसे आहेत. चौदावी घटनादुरुस्ती कायद्यापुढे समानता देते ती ‘व्यक्ती’ला, नागरिकाला नव्हे. १८८६चा निकाल बघा. सॅन फ्रान्सिस्कोत लाकडी इमारतीत लाँड्री चालवायला परवाना लागे. सुमारे २०० चिनी अर्जदारांना तो नाकारला आणि बाकीच्यांपैकी एक सोडून सगळ्यांना दिला. कायदा वरून सगळ्यांना सारखा, पण राबवला पक्षपाताने, म्हणून विनापरवाना लाँड्री चालवल्याबद्दल झालेली शिक्षा न्यायालयाने रद्द केली.

आपल्या लोकांचा अनुभव मात्र दोन्ही प्रकारचा आहे. १९२३मध्ये भगतसिंग थिंड यांना, अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेली असूनही, ते ‘गोरे’ नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारलं गेलं. भारतीयांना ते दार उघडलं १९४६मध्ये, आणि तेव्हा वर्षाला प्रवेश १०० जणांना. आज बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून प्रतिनिधीगृहात निवडून गेलेले आहेत.

ग्रीन कार्डाच्या रांगेबद्दल विचाराल तर वर्षाच्या ठरावीक कार्डांपैकी एका देशाच्या लोकांना ७ टक्क्यांची मर्यादा काँग्रेसच्या कायद्यात आहे. राष्ट्राध्यक्ष बदलल्याने ती बदलत नाही.

महाराष्ट्राचा या विषयाशी काही जुना संबंध आहे का?

चांगलाच आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामीची प्रथा मोडणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. म्हणजे गुलामी बंद करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीला जेमतेम आठ वर्षं झाली होती, तेव्हा पुण्यात बसून एक माणूस तिचा अर्थ आपल्या समाजासाठी लावत होता.

डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. तिथे त्यांना सार्वजनिक वित्ताचे जाणकार एडविन सेलिग्मन यांचं मार्गदर्शन मिळालं. त्यांच्या पीएचडीचा विषय होता ब्रिटिश हिंदुस्थानात मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यात पैशाची वाटणी कशी होत गेली. घटनेचा शिल्पकार आधी तिजोरीचा अभ्यासक होता.

मला मत द्यायला अजून दोन वर्षं आहेत. हे सगळं प्रत्यक्ष कुठे बघायला मिळेल?

तुमच्या शाळा-मंडळाच्या सभेत. ती खुली असते, विषयपत्रिका आधी प्रसिद्ध होते आणि अर्थसंकल्पाच्या सभेत नागरिकांना बोलायला काही मिनिटं मिळतात. त्यासाठी नागरिकत्व विचारत नाहीत. जाण्याआधी गेल्या वर्षीचा अर्थसंकल्प उतरवून घ्या आणि तीन आकडे शोधा : स्थानिक करातून किती आले, राज्याकडून किती, संघाकडून किती. मग आईबाबांच्या मालमत्ता कराच्या बिलावर शाळेची ओळ बघा.